फलंदाजाचं डोकं आणि फलंदाजाच्या धावा

१५ एप्रिल २०२४ रोजी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर ४० षटकांत ५४९ धावा झाल्या. सनरायझर्स हैदराबाद ३ बाद २८७, रॉयल चॅलेंजर्स बेंगळुरू ७ बाद २६२. षटकामागे १३.७ धावा. चौकार ४३ आणि षटकार ३८. म्हणजे ५४९ पैकी ४०० धावा, ७३ टक्के, चेंडू सीमारेषेपार गेल्यामुळे मिळाल्या. पळून काढलेल्या धावा आणि अवांतर मिळून उरले फक्त १४९.

त्या रात्री बेंगळुरूच्या चार गोलंदाजांनी प्रत्येकी ५० पेक्षा जास्त धावा दिल्या. टॉपली ६८, वैशाख ६४, फर्ग्युसन ५२, दयाल ५१. चौघांची मिळून १६ षटकं, २३५ धावा, ३ बळी. आयपीएलच्या एका डावात चार गोलंदाजांचं अर्धशतक होण्याची ही पहिलीच वेळ.

असा सामना झाला की एक तक्रार हमखास ऐकू येते: नियमांनी फलंदाजाला फार जपलंय. हेल्मेट सक्तीचं, बाउन्सरवर मर्यादा, बीमरवर बंदी, डोक्याला लागलं तर बदली खेळाडू. मग गोलंदाजाने करायचं काय? अमेरिकी फुटबॉलमध्ये हीच तक्रार क्वार्टरबॅकबद्दल होते. चेंडू फेकणाऱ्या त्या मुख्य खेळाडूला हात लावला तरी शिट्टी वाजते, असं बचाव करणारे म्हणतात. तक्रार दोन्हीकडे एकच आहे. ती तपासायची तर ‘सुरक्षा’ या एका शब्दाखाली जमा झालेले नियम वेगळे काढावे लागतात. कोणता नियम डोकं वाचवतो आणि कोणता धावा वाढवतो, याचे हिशेब वेगवेगळे आहेत.

सुरुवात बाउन्सरपासून, कारण सगळ्यात जास्त बोट त्याच्याकडेच दाखवलं जातं.

२०२३ पर्यंत आयपीएलमध्ये गोलंदाजाला षटकात खांद्याच्या वर जाणारा एकच चेंडू टाकता येत असे. डावाच्या १२० चेंडूंत जास्तीत जास्त २०, म्हणजे १६.७ टक्के. २०२३-२४ च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत दोन बाउन्सरचा प्रयोग झाला आणि २०२४ पासून आयपीएलने तो स्वीकारला. मर्यादा १२० पैकी ४० झाली, ३३.३ टक्के. गोलंदाजाचं हत्यार एका हंगामात दुप्पट झालं.

संरक्षण कमी झालं की धावा कमी व्हायला हव्यात. उलट झालं. २०२३ च्या हंगामाची धावगती षटकाला ८.९९ होती, २०२४ ची ९.५६. वाढ ६.३ टक्के. षटकार १,१२४ वरून १,२६० झाले, वाढ १२ टक्के. २०० किंवा त्याहून मोठ्या धावसंख्या ३७ होत्या, त्या ४१ झाल्या. पुढच्या वर्षी, २०२५ मध्येही दोन बाउन्सरची मुभा कायम होती आणि अशा धावसंख्या ५२ झाल्या, आदल्या वर्षापेक्षा २७ टक्क्यांनी जास्त. ५४९ धावांचा सामनाही याच सैल झालेल्या नियमाखाली खेळला गेला.

मर्यादा ही कमाल असते. दोन बाउन्सर टाकायची परवानगी मिळाली म्हणजे प्रत्येकाने प्रत्येक षटकात दोन टाकले असं होत नाही. शिवाय लहान मैदानावर आखूड टप्प्याचा चेंडू बॅटच्या वरच्या कडेला लागला तरी षटकार जातो, त्यामुळे हात आखडता राहतो. पण या आकड्यांवरून एवढं नक्की म्हणता येतं की बाउन्सरची मर्यादा हे धावांच्या पुराचं मुख्य कारण असतं, तर ती दुप्पट केल्यावर धावगतीत घसरणीची खूण कुठेतरी दिसली असती. ती दिसत नाही.

मोठी उडी कुठे आहे ते पाहू. २०२२ मध्ये ७४ सामन्यांत २०० पार गेलेल्या धावसंख्या १८ होत्या. २०२३ मध्ये तेवढ्याच सामन्यांत ३७. वाढ १०६ टक्के. त्या वर्षी बाउन्सरचा नियम जुनाच होता. नवीन होता तो ‘इम्पॅक्ट प्लेअर’, म्हणजे डाव चालू असताना अकरांपैकी एकाला बाहेर काढून बारावा खेळाडू आत आणायची सोय. तळाला एक फलंदाज जादा मिळाल्यावर वरच्या सातांना बाद होण्याची धास्ती उरली नाही. हा नियम कुणाच्या डोक्याशी किंवा बरगडीशी संबंधित नाही. त्याला सुरक्षेच्या खात्यात टाकता येत नाही, आणि आकड्यांत सगळ्यात मोठी पायरी त्याच वर्षी दिसते.

चिन्नास्वामीवरच्याच दोन सामन्यांची जोडी यापेक्षा बोलकी आहे. २ नोव्हेंबर २०१३ रोजी इथे भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात एकदिवसीय सामना झाला. रोहित शर्माने २०९ धावा केल्या, त्यांत १६ षटकार. भारत ६ बाद ३८३, ऑस्ट्रेलिया ३२६. सामन्यात षटकार ३८, तेव्हाचा विक्रम. २०२४ च्या त्या रात्रीही षटकार ३८ च. मैदान तेच आणि बाउन्सरची मर्यादाही तीच, कारण एकदिवसीय सामन्यांत २०१२ पासून षटकाला दोन बाउन्सर चालतात. फरक चेंडूंच्या संख्येत आहे. २०१३ चे ३८ षटकार ९५.१ षटकांत, म्हणजे ५७१ चेंडूंत आले. २०२४ चे ४० षटकांत, २४० चेंडूंत. एका षटकारामागे तेव्हा १५ चेंडू, आता ६.३. बाउन्सरचा नियम जागचा हलला नाही आणि षटकाराचा वेग २.४ पट झाला. पन्नास षटकांचा डाव आणि वीस षटकांचा डाव यांची घाई वेगळी असते, तो वाटा यात धरावाच लागेल. पण बाउन्सरला यात आरोपी करता येत नाही.

मग सुरक्षेच्या नावावर असलेला एकही नियम धावा वाढवत नाही का? एक वाढवतो, आणि तो फलंदाजासाठी केलेलाच नाही.

सीमारेषेचा दोर. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या नियमांत तो कुंपणापासून किंवा जाहिरातींच्या फळ्यांपासून किमान ३ यार्ड, म्हणजे २.७४ मीटर आत घ्यावा लागतो. घसरत जाणारा क्षेत्ररक्षक फळीवर आपटू नये म्हणून. कारण रास्त आहे. गुडघे, खांदे आणि माना वाचल्या आहेत. आता त्याचा हिशेब. खेळपट्टीच्या मध्यापासून ६५ मीटरवर कुंपण असलेलं गोल मैदान धरलं, तर दोर ६२.२६ मीटरवर येतो. लांबी घटते ४.२ टक्के, क्षेत्रफळ घटतं ८.३ टक्के. सुमारे १,१०० चौरस मीटर, आपल्या मापात जवळपास ११ गुंठे. ही सगळी जमीन सीमारेषेलगतची, जिथे उंच फटक्यांचे झेल व्हायचे. क्षेत्ररक्षकाला वाचवणारा नियम त्याचीच ११ गुंठे जमीन घेतो आणि फलंदाजाच्या नावावर करतो. नियमाने सीमारेषा ५९.४३ ते ८२.२९ मीटर यांच्या मध्ये कुठेही चालते. शहराच्या मधोमध असलेल्या, चारी बाजूंनी रस्त्यांनी वेढलेल्या चिन्नास्वामीसारख्या मैदानाला बाहेरच्या बाजूने वाढायला जागाच नाही. तिथे आत घेतलेला प्रत्येक मीटर मोठ्या मैदानातल्या मीटरपेक्षा महाग पडतो.

असाच दुसरा नियम थुंकीचा. २०२० मध्ये कोविडमुळे चेंडूला थुंकी लावण्यावर बंदी आली, २०२२ मध्ये ती कायमची झाली. चेंडूची एक बाजू चकचकीत ठेवून तो हवेत वळवण्याची गोलंदाजाची जुनी रीत आरोग्याच्या कारणाने गेली. आयपीएलने २०२५ मध्ये ही बंदी उठवली. हाही नियम सुरक्षेचा, आणि त्याची झळही गोलंदाजाला.

आता दुसरा हिशेब, डोक्याचा. इथे आकडे लहान आहेत. एक, दोन, पाच. त्यांचं वजन टक्क्यांत मांडता येत नाही.

एप्रिल १९७६, किंग्स्टनचं सबाइना पार्क. भारताचा पहिला डाव बिशनसिंग बेदींनी ६ बाद ३०६ वर घोषित केला. अंशुमन गायकवाड ८१ वर कानाला चेंडू लागून बाहेर गेले होते. ब्रिजेश पटेल तोंडाला लागून. गुंडप्पा विश्वनाथ यांचं बोट मोडलं होतं. गोलंदाजी करताना बेदी आणि भागवत चंद्रशेखर यांचे हात दुखावले. दुसऱ्या डावात पाच गडी बाद होऊन ९७ धावा झाल्या आणि डाव तिथेच संपला, कारण बॅट घेऊन उतरायला माणूस उरला नव्हता. धावफलकावर पाच नावांपुढे ‘जखमी, अनुपस्थित’ असं लागलं. त्या पाचांपैकी विश्वनाथ, पटेल आणि चंद्रशेखर हे तिघे कर्नाटकचे. वेस्ट इंडीजने वीसपैकी अकराच बळी घेतले आणि सामना दहा गड्यांनी जिंकला. दौऱ्यावरच्या सतराच्या सतरा खेळाडूंना त्या कसोटीत केव्हा ना केव्हा क्षेत्ररक्षणाला उभं राहावं लागलं.

तेव्हा बाउन्सरवर आकड्याची मर्यादा नव्हती. ती आली १९९१ मध्ये, सबाइना पार्कनंतर १५ वर्षांनी: एका फलंदाजाला षटकात एक. १९९४ मध्ये ती सैल होऊन षटकाला दोन झाली. कसोटीत आजही दोनच आहेत. म्हणजे ज्या नियमाला लोक अतिसंरक्षण म्हणतात तो ३० वर्षांत एकदाही कडक झालेला नाही. एकदिवसीयमध्ये तो शून्यावरून एक, एकावरून दोन असा सैल होत आला. आयपीएलमध्ये एकावरून दोन. प्रवास सगळीकडे गोलंदाजाच्या बाजूने आहे.

कडक झालं ते हेल्मेट. बाउन्सर तीन दशकांत सुटत गेला तो हेल्मेटच्या भरवशावर, हे क्रम पाहिला की कळतं. पण क्रिकेटच्या कायद्यातलं एक कलम इथे वाचण्यासारखं आहे. आखूड टप्प्याचा मारा धोकादायक आहे का हे ठरवताना पंचाने फलंदाजाचं कौशल्य पाहावं, आणि त्याने अंगावर संरक्षक साधनं घातली आहेत ही गोष्ट विचारात घेऊ नये, असं कायदा सांगतो. अकराव्या क्रमांकाच्या खेळाडूने हेल्मेट घातलंय म्हणून त्याच्या कानशिलावर सलग सहा चेंडू टाकू देता येत नाहीत.

हे कलम का हवं ते हेल्मेट जवळून पाहिलं की समजतं. वरचा छज्जा आणि खालची जाळी यांच्यामध्ये डोळ्यांपुढे एक फट असते. चेंडूचा घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर, म्हणजे व्यास ७ सेंटिमीटरपेक्षा थोडा जास्त. फट त्याहून बरीच लहान हवी. ऑगस्ट २०१४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर वरुण अॅरनचा चेंडू स्टुअर्ट ब्रॉडच्या हेल्मेटच्या याच फटीतून आत घुसला आणि नाकाचं हाड मोडलं. ब्रॉडच्या डोक्यावर हेल्मेट होतं. त्याआधीच्या वर्षी आलेल्या ब्रिटिश मानकात चेंडू फटीतून शिरतो का आणि जाळी चेहऱ्यावर दाबली जाते का, याची चाचणी आहे. नंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने हेच मानक धरलं.

२०१४ मध्येच २५ नोव्हेंबरला सिडनीत फिल ह्यूजला मानेवर, हेल्मेटच्या कडेखाली चेंडू लागला. तो ६३ वर खेळत होता. दोन दिवसांनी तो गेला, २६ वा वाढदिवस तीन दिवसांवर असताना. पुढे झालेल्या न्यायिक चौकशीत आकडा आला की त्या दिवशी टाकलेल्या २३ बाउन्सरपैकी २० त्याच्या वाट्याचे होते. तरीही पंच किंवा गोलंदाज यांच्याकडे दोष जात नाही, असा निष्कर्ष निघाला. ऑस्ट्रेलियाने मानेचं कवच सक्तीचं केलं ते १ ऑक्टोबर २०२३ पासून. मधे जवळपास नऊ वर्षं गेली.

वेगाचं गणितही मांडून ठेवू. १३० किलोमीटर वेगाचा चेंडू आणि १५० किलोमीटर वेगाचा चेंडू यांत वेगाचा फरक १५ टक्के. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून तिचा फरक ३३ टक्के. दोन्ही टोकांच्या रेषांमधलं अंतर १७.६८ मीटर. १४० च्या वेगाने ते कापायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. या अर्ध्या सेकंदासाठी केलेल्या नियमांना मी अतिसंरक्षण म्हणणार नाही.

आणि ज्यांना लागलं ते सगळे फलंदाज नव्हते. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात रमण लांबा फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा होता. षटकाचे तीनच चेंडू उरलेत म्हणून त्याने हेल्मेट मागवलं नाही. मेहराब हुसेनचा फटका डोक्याला लागला. तीन दिवसांनी लांबा गेला, वय ३८. मे २००० मध्ये, पुन्हा ढाक्यातच, अनिल कुंबळेच्या चेंडूवर यष्टिरक्षक सबा करीमच्या उजव्या डोळ्याला इजा झाली आणि त्याची कारकीर्द आवरती झाली. फलंदाजाच्या पुढे जवळ उभा क्षेत्ररक्षक, स्टंपांजवळ उभा यष्टिरक्षक आणि वेगवान गोलंदाजी खेळणारा फलंदाज, या तिघांना आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं १ जून २०२३ पासून. लांबानंतर २५ वर्षांनी. नियम धावत सुटलेत असं म्हणणाऱ्यांनी हा २५ चा आकडा समोर ठेवावा.

या यादीत दोन माणसं नाहीत. पहिला गोलंदाज. चेंडू सोडल्यावर त्याचं अंग पुढे झुकलेलं असतं, तोल एका पायावर, आणि बॅटपासून अंतर सगळी खेळपट्टीसुद्धा नाही. समोरच्या बॅटची खोली कायद्याने ६७ मिलिमीटर आणि कड ४० मिलिमीटरपर्यंत चालते. परत येणारा चेंडू आलेल्यापेक्षा वेगाने येऊ शकतो. डिसेंबर २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या वॉरन बार्न्स या गोलंदाजाने डोक्यावर कवच घालून गोलंदाजी केली, तेव्हा त्याची बातमी झाली, इतकी ती गोष्ट दुर्मीळ. दुसरा पंच. ह्यूज गेल्यानंतर दोनच दिवसांनी इस्राएलमधल्या अश्दोदमध्ये चेंडू लागून एका पंचाचा मृत्यू झाला. २०१६ च्या आयपीएलमध्ये ब्रूस ऑक्सनफर्ड हाताला ढाल बांधून उभे राहिले. ज्या क्रमाने धोका वाढतोय त्या क्रमाने नियम येत नाहीत, हे माझं या विषयातलं पहिलं म्हणणं.

दुसरं म्हणणं बदली खेळाडूबद्दल, कारण तिथे मात्र संरक्षणाच्या नियमाचा फायदा धावफलकावर दिसतो.

१ ऑगस्ट २०१९ पासून डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसला तर तशाच प्रकारचा बदली खेळाडू घेता येतो. १७ दिवसांत त्याची गरज लागली. लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा १४८.७ किलोमीटर वेगाचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर लागला आणि मार्नस लाबुशेन पहिला बदली ठरला. त्याने ५९ केल्या. फलंदाजाच्या जागी फलंदाज, वाद नाही.

डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेऱ्यात रवींद्र जडेजाने २३ चेंडूंत नाबाद ४४ केल्या, हेल्मेटला चेंडू लागला, आणि युजवेंद्र चहलने त्याच्या जागी येऊन २५ धावांत ३ बळी घेतले. भारत ११ धावांनी जिंकला. ३१ जानेवारी २०२५ ला पुण्याजवळ गहुंजेत शिवम दुबेने ३४ चेंडूंत ५३ केल्या, शेवटच्या षटकात हेल्मेटला चेंडू लागला, आणि हर्षित राणाने त्याच्या जागी येऊन ३३ धावांत ३ बळी घेतले. भारत १५ धावांनी जिंकला. दुबे मध्यमगती टाकणारा फलंदाज, राणा वेगवान गोलंदाज. सामनाधिकारी जवागल श्रीनाथ यांनी मंजुरी दिली होती, त्यामुळे नियमभंग झाला नाही. पण इंग्लंडचा कर्णधार जोस बटलर याने हा तशाच प्रकारचा बदल नाही असं उघड सांगितलं, आणि मला त्याचं म्हणणं पटतं. दोन्ही सामन्यांत एका जागेवरून फलंदाजीही पूर्ण झाली आणि गोलंदाजीही पूर्ण झाली. आणि विजयाचं अंतर ११ आणि १५.

यावर २०२५ च्या मध्यात दुरुस्ती आली. सामन्याआधी पाच राखीव नावं द्यायची: एक यष्टिरक्षक, एक फलंदाज, एक वेगवान गोलंदाज, एक फिरकी गोलंदाज, एक अष्टपैलू. हादरा बसलेल्या खेळाडूला किमान सात दिवस विश्रांती. सात दिवसांच्या अटीमुळे खोटं सोंग घेणं महाग झालं, पाच नावांमुळे सोयीची निवड अवघड झाली. डोक्याचं संरक्षण एका इंचानेही कमी न करता फायद्याची फट बुजवता येते, याचं हे उदाहरण आहे. दोराच्या बाबतीत असं काही अजून झालेलं नाही. फळ्यांना जाड, मऊ अस्तर लावून दोर थोडा मागे नेता येईल का, हे मैदानागणिक मोजून पाहण्यासारखं आहे.

अमेरिकेतला अनुभव याच्याशी ताडून पाहू. बेंगळुरूला तो खेळ अगदीच परका नाही. २०१२ च्या एलिट फुटबॉल लीगमध्ये बँगलोर वॉरहॉक्स आणि पुणे मराठाज असे संघ होते. अमेरिकेत क्वार्टरबॅकला चेंडू फेकल्यावर धडक दिली तर दंड १५ यार्डांचा, शिवाय आक्रमणाला नव्याने चार प्रयत्न. १०० यार्डांच्या मैदानात १५ यार्ड. २००८ मध्ये टॉम ब्रेडीचा गुडघा गेल्यावर पुढच्या वर्षी गुडघ्यांभोवतीचा नियम कडक झाला. बचाव करणाऱ्याने अंगाचा सगळा भार क्वार्टरबॅकवर टाकण्यावरच्या बंदीची अंमलबजावणीही २०१८ पासून कडक झाली. ताशी पंधरा-वीस मैलांनी झेपावलेल्या शंभर-सव्वाशे किलोच्या माणसाने हवेतल्या हवेत भार बाजूला कसा न्यायचा, हा बचाव करणाऱ्यांचा प्रश्न खरा आहे.

त्याच वर्षी एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये, मेंदूला हादरा बसल्याच्या नोंदी २८१ वरून २१४ झाल्या. घट २४ टक्के. २०२४ मध्ये १८२, म्हणजे २०१७ पेक्षा ३५ टक्के कमी. श्रेय क्वार्टरबॅकच्या नियमाला द्यावं तर हे आकडे सगळ्या जागांवरच्या खेळाडूंचे आहेत. आणि २०१८ मध्येच डोकं खाली घालून धडक देण्यावर बंदी आली, हेल्मेटं बदलली, सुरुवातीच्या किकचे नियम बदलले. ज्या नियमांनी सगळ्यांची डोकी वाचवली आणि ज्या नियमाने एका जागेवरच्या महागड्या खेळाडूला वाचवलं, ते एकाच घटीत मिसळले आहेत. ५४९ धावांच्या खात्यातही इम्पॅक्ट प्लेअर, दोर, बॅट आणि बाउन्सर असेच मिसळले होते. वेगळे काढल्यावर दोष बाउन्सरच्या नियमाकडे गेला नाही.

चिन्नास्वामीवरच्या सुरक्षेबद्दल लिहिताना एक आकडा वगळता येत नाही. बेंगळुरूने ३ जून २०२५ रोजी पहिलं आयपीएल विजेतेपद जिंकलं. दुसऱ्या दिवशी याच मैदानाच्या फाटकांबाहेर चेंगराचेंगरीत ११ माणसं गेली. आत प्रत्येक चेंडूची उंची मोजणारी यंत्रणा असते. बाहेर किती माणसं कोणत्या फाटकापाशी आहेत याची मोजणी त्या दिवशी कुणाच्याच हाती नव्हती. महिला विश्वचषकाचे इथे ठरलेले सामने नवी मुंबईला हलवावे लागले.

आणि मैदानातलं एक प्रकरण राहिलं. मे २००२, अँटिगाची कसोटी. मर्व्हिन डिलनच्या बाउन्सरने कुंबळेचा जबडा मोडला. डोक्यापासून हनुवटीखालून फिरवलेली पांढरी पट्टी बांधून तो मैदानात परतला आणि १४ षटकं टाकली. पाच निर्धाव, २९ धावा, एक बळी, तोही ब्रायन लाराचा. मग शस्त्रक्रियेसाठी बेंगळुरूला आला. हेच कुंबळे २०१२ ते २०२१ या काळात आंतरराष्ट्रीय परिषदेच्या क्रिकेट समितीचे अध्यक्ष होते. बदली खेळाडूचा नियम त्यांच्याच काळात आला. पण तो नियम मेंदूच्या हादऱ्यापुरता आहे, मोडलेल्या हाडांना लागू नाही. २०२० मध्ये अॅडलेडला मोहम्मद शमीचा हात मोडला आणि भारताचा डाव ९ बाद ३६ वर थांबला. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरला ऋषभ पंत मोडक्या पायाने फलंदाजीला उतरला. पुढच्याच कसोटीत ख्रिस वोक्स एक हात गळ्यात बांधून आला. भारतीय मंडळाने २०२५-२६ च्या हंगामात देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांत गंभीर दुखापतीसाठी बदली खेळाडूची सोय केली. आंतरराष्ट्रीय कसोटीत २०२५ च्या अखेरपर्यंत ती नव्हती. अँटिगाचा तो चेंडू त्या वर्षी जबड्यावर बसला असता आणि हादऱ्याची चाचणी ठीक निघाली असती, तर भारताला दहाच जणांनिशी खेळावं लागलं असतं, किंवा पुन्हा एकदा पट्टी बांधावी लागली असती.